चेहरा आणि आवाज हेही व्यापाऱ्याचे भांडवलच

बाजारातील उधारी चालते ती शब्दावर. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक फोनवरून सूत मागवतो, सूतव्यापारी त्याचा आवाज ओळखतो आणि माल रवाना करतो. कागदपत्रे मागाहून होतात. आज मात्र थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही हुबेहूब आवाज आणि एका छायाचित्रावरून बोलता-चालता चेहरा संगणकावर तयार करता येतो. म्हणजे ज्यावर आमची पत उभी आहे, तेच आता चोरता येते. हा प्रश्न केवळ सिनेनटांचा आहे अशा समजुतीत राहणे व्यापारी बांधवांना महाग पडेल.

न्यायालयांनी या बाबतीत पावले उचलली आहेत. 2023 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, चेहरा व आवाज यांच्या विनापरवाना वापराला मनाई केली. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करणाऱ्यांना रोखले. आदेश योग्यच आहेत. परंतु त्यांचा मुख्य आधार असा, की वादी प्रसिद्ध आहे आणि त्याच्या प्रसिद्धीला बाजारभाव आहे. साध्या दुकानदाराने कोणत्या आधारावर दाद मागायची?

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार व तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. उद्या एखाद्या सतारमेकरचा बनावट व्हिडिओ करून कोणी हलका माल विकू लागला, तर मालाच्या नावाला 1999 च्या भौगोलिक निर्देशन कायद्याचे संरक्षण आहे. दुकानाचे नाव नोंदलेले असेल तर त्याला व्यापारचिन्ह कायद्याचे आहे. पण कारागिराचा चेहरा आणि आवाज ही त्याची मालमत्ता आहे, असे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66-सी व 66-डी यांत ओळख चोरणे आणि तोतयेगिरीने फसविणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र तेथे आधी चोर सापडावा लागतो. फेब्रुवारी 2026 मध्ये सरकारने नियम दुरुस्त करून कृत्रिम चित्र-ध्वनीवर तसे लेबल लावणे बंधनकारक केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण लेबल म्हणजे संमती नव्हे. लेबल लावून केलेली चोरी ही चोरीच होय.

अमेरिकेतील टेनेसी राज्याने 2024 साली कायदा करून नाव व छायाचित्राबरोबर आवाजालाही संरक्षण दिले, आणि ते प्रसिद्ध-अप्रसिद्ध असा भेद न करता प्रत्येक व्यक्तीला. डेन्मार्क सरकारनेही 2025 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी तरतूद करण्याचे ठरविले. आपल्या संसदेने असाच कायदा करावा, अशी आमची मागणी आहे. हक्क प्रत्येक नागरिकाचा असावा, जिल्ह्याच्या ठिकाणी कमी खर्चात दाद व नुकसानभरपाई मिळावी, आणि बातमी, टीका व व्यंगचित्र यांना मोकळीक राहावी. व्यापारी संघटनांनी ठराव करून ही मागणी आपापल्या खासदारांपर्यंत पोहोचवावी.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा पवित्र कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. आपण मात्र ओळखीच्या भरवशावर ती बाजूला ठेवतो. फोनवर मोठी मागणी आली तर जुन्या, माहितीच्या क्रमांकावर स्वतः उलट फोन करावा आणि मागणी लेखी घ्यावी. जाहिरातीसाठी चेहरा किंवा आवाज देताना तो कोणत्या जाहिरातीसाठी व किती काळासाठी, हे करारात नमूद करावे. पैशांची फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. बुडालेला पैसा पुन्हा कमावता येतो. बाजारात गेलेली पत परत मिळवायला मात्र उभी हयात लागते.