नवा टॅबलेट घ्यावा का? पहिल्या चार आयपॅडचा इतिहास आणि एक निर्णय

१/ टॅबलेटचे नवे मॉडेल आले की दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. हातातला चालतो आहे, तरी नवा घ्यावा का? याचे उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात अधिक नीट सापडते, असे माझे मत आहे. हा इतिहास फार जुना नाही, पण बोलका आहे. #थ्रेड

२/ प्रश्न माझ्यापुरता अगदी खरा आहे. मोडी कागदपत्रांच्या स्कॅन प्रती मी ज्या टॅबलेटवर वाचतो, तो आता सहा वर्षांचा झाला आहे. बॅटरी दोन तासांत उतरते. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या येणे थांबले आहे. नव्याची किंमत म्हणजे माझे तीन महिन्यांचे खोलीभाडे आणि खानावळ. तेव्हा निर्णय चुकून चालणार नाही.

३/ प्रथम पार्श्वभूमी. दरवर्षी नवे मॉडेल आणण्याची प्रथा संगणकाच्या बरीच आधीची आहे. फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ ते १९२७ या काळात फारशी न बदलता दीड कोटींवर विकली गेली. तिच्याशी स्पर्धा करताना जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात वर्षागणिक रूप बदलण्याचे धोरण रुजवले. चालती गाडी ‘जुनी’ वाटू लागणे, हे त्या धोरणाचे फलित होते.

४/ आता टॅबलेटकडे येऊ. पहिला आयपॅड ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आला. किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ आली, तेव्हा या यंत्राला ती मिळाली नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घेणाऱ्यालाही पुरती अडीच वर्षेही मिळाली नाहीत.

५/ मार्च २०११ मध्ये आयपॅड २ आला. नवा ए५ प्रोसेसर, दुप्पट मेमरी, शिवाय दोन कॅमेरे. पुढच्या वर्षी नवे मॉडेल आल्यावर तो बंद झाला नाही, उलट त्याची किंमत १०० डॉलरने उतरली. त्याची विक्री मार्च २०१४ पर्यंत चालू होती.

६/ ते नवे मॉडेल, म्हणजे तिसरा आयपॅड, १६ मार्च २०१२ रोजी विक्रीस आला. त्याचा पडदा खरोखर वेगळा होता. आधीच्या १०२४ × ७६८ बिंदूंच्या जागी २०४८ × १५३६, म्हणजे चौपट बिंदू. एवढा पडदा चालवण्यासाठी बॅटरी बरीच मोठी करावी लागली, त्यामुळे यंत्र आधीच्यापेक्षा जाड आणि जड झाले.

७/ आणि मग २३ ऑक्टोबर २०१२. तिसरा आयपॅड येऊन जेमतेम सात महिने झाले असताना चौथा जाहीर झाला. किंमत तीच, प्रोसेसर अधिक वेगवान, चार्जिंगची खाचही बदललेली. तिसऱ्याची विक्री थांबवण्यात आली. मार्चमध्ये ज्यांनी ‘सर्वांत नवा’ घेतला, त्यांचा टॅबलेट दिवाळीआधीच मागचा ठरला.

८/ खरा धडा मात्र चार वर्षांनी मिळाला. सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आली आणि आयपॅड २ व तिसरा आयपॅड हे दोन्ही एकाच दिवशी बाहेर पडले. असे का? तिसऱ्यातील ए५एक्स या चिपमध्ये चित्रण-क्षमता वाढवलेली होती, पण मुख्य प्रोसेसर ए५ च्याच पिढीचा होता. अधिक पैसे मोजून आयुष्य वाढले नव्हते.

९/ मग तिसरा घेणारे मूर्ख होते का? मला तसे वाटत नाही. शाईचा डाग कोणता आणि अक्षराचा फाटा कोणता, हे ज्याला पडद्यावर ओळखायचे आहे, त्याच्यासाठी तो पडदा पैसे वसूल करणारा होता. केवळ पत्रे पाठवणाऱ्याला आणि बातम्या वाचणाऱ्याला स्वस्त झालेला आयपॅड २ तितकाच काळ पुरला.

१०/ याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे. विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झाला. त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे आणि प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘आकाश २’ आला. हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा, १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर. येथे वर्षभर थांबणाराच शहाणा ठरला.

११/ म्हणजे ‘नवे तेच घ्या’ आणि ‘जुनेच पुरे’ ही दोन्ही सूत्रे अपुरी आहेत. माझ्या मते विचारायचे प्रश्न तीन. माझे नेमके कोणते काम आज अडते? नव्यातील कोणता भाग ते काम सोडवतो? आणि आतली चिप कोणत्या पिढीची आहे? मॉडेलचे नाव यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

१२/ एक आक्षेप रास्त आहे. आवृत्त्या थांबल्या की सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि टॅबलेट मुख्यतः त्याच कामासाठी असेल तर तो बदलावा, हे मला मान्य आहे. पण आधीच उतरवून ठेवलेली पीडीएफ वाचण्यास त्याने बाधा येत नाही.

१३/ माझ्यापुरते उत्तर असे. मोडी वाचनाला लागणारा पडदा माझ्या जुन्या टॅबलेटला आहे. अडते ती बॅटरी. म्हणून यंदा बॅटरी बदलून घेणार, बँकेचे ॲप काढून टाकणार आणि सर्व स्कॅन प्रतींची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवणार. ज्या दिवशी वाचनच अडेल, त्या दिवशी दुकानात जाईन आणि आधी मागच्या वर्षीच्या मॉडेलची चिप विचारीन.

१४/ तीन महिन्यांचे भाडे वाचले, की त्यात दफ्तरखान्याच्या दोन फेऱ्या होतात. नव्या पडद्यावर जुनेच स्कॅन पाहण्यापेक्षा न पाहिलेले कागद पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. आपण असा निर्णय कोणत्या कसोटीवर घेतला, हे अवश्य लिहा. मतभेदाचेही स्वागत आहे. (समाप्त)