परग्रहावरील सोबती

शाळेच्या ग्रंथालयांतील कोणतें पुस्तक मुलांच्या आवडीचें आहे, हें नोंदवहीवरून कळत नाहीं इतकें त्याच्या बांधणीवरून कळतें. थोरामोठ्यांच्या चरित्रांची बांधणी वर्षानुवर्षें शाबूत राहते. साहसकथांचीं पानें मात्र दुसऱ्या सत्राच्या आधींच सुटूं लागतात. ह्या सुटलेल्या पानांच्या पुस्तकांत अलीकडे एका विशिष्ट प्रकारची भर पडली आहे. चौदापंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. घरांत कोणास त्याचें म्हणणें ऐकावयास सवड नाहीं. एके रात्रीं गच्चीवर किंवा गांवाबाहेरच्या माळावर दुसऱ्या ग्रहावरील एक जीव उतरतो. मुलगा त्यास लपवितो, खाऊं घालतो, आपली भाषा शिकवितो. आणि मग दोघे मिळून अशा कांहीं संकटांतून पार पडतात कीं, तीं वाचतांना वाचणारास तहानभुकेची शुद्ध राहत नाहीं. हीं पुस्तकें बहुधा इंग्रजी असतात.

ह्या पुस्तकांविषयीं पालकांचें मत ठरलेलें आहे. दहावीचें वर्ष तोंडावर आलें असतां ह्या भाकडकथा कसल्या वाचतां, असा त्यांचा प्रश्न असतो. आणि शिक्षकवर्गांतही त्यास मान डोलविणारे पुष्कळ आहेत. आमचें मत निराळें आहे. हीं पुस्तकें मुलांनीं खुशाल वाचावीं. इतकेंच नव्हे, तर तीं मराठींत, आणि आमच्याच गांवांत घडणारीं अशीं, लिहिलीं जावीं. तसें न झाल्यास मुलांची हानि होईल, व ती परीक्षेंत गेलेल्या चारदोन गुणांहून मोठी असेल, अशी आमची समजूत आहे.

अंतराळाची गोडी मराठी वाचकांस नवी नाहीं. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकांत १९०० सालीं ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचें भाषांतर 'चंद्रलोकची सफर' ह्या नांवानें येऊं लागलें होतें. पुढें भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनीं व्हर्न व वेल्स हे दोघेही मराठी मुलांच्या हातीं दिले, आणि त्यांच्या स्वतःच्या फास्टर फेण्यानें तर दोन पिढ्यांस सायकलवर बसविलें. परंतु व्हर्नच्या सफरींत माणूस तेथें जातो. आणि वेल्सच्या १८९८ च्या प्रसिद्ध कादंबरींत मंगळावरचे जीव येथें येतात ते शत्रु म्हणून येतात. सोबती म्हणून येणारा पाहुणा ह्या दोहोंहून वेगळा. आपण परक्या मुलखांत गेलों म्हणजे चमत्कारिक दिसतो तो त्यांचा मुलूख. परका आपल्या घरीं मुक्कामास आला म्हणजे चमत्कारिक दिसूं लागतें तें आपलें घर.

ह्या एका गोष्टींत त्या कथांचें सर्व मोल आहे, असें आम्ही समजतों. पाहुण्यास कांहींच ठाऊक नसतें. पैसा म्हणजे काय, रांग कशासाठीं लावावयाची, म्हाताऱ्या आजीस तिच्या खोलींत एकटें कां ठेवलें आहे, हें सर्व त्यास समजावून द्यावें लागतें. जो प्रश्न मुलानें घरांत विचारला असतां 'गप्प बैस' एवढेंच उत्तर मिळालें असतें, तो प्रश्न पाहुणा निर्भयपणें विचारतो. आणि आजपर्यंत सर्वांकडून शिकत आलेल्या मुलावर प्रथमच शिकविण्याची पाळी येते. शिक्षकाच्या धंद्यांत ज्यांनीं वीस वर्षें काढलीं आहेत, त्यांस हें सांगावयास नको कीं, शिकविण्यास उभें राहिल्यावांचून आपणांस काय येत नाहीं तें कळत नाहीं.

ह्या जातीची एक उत्तम हिंदी गोष्ट आम्हांस ठाऊक असती तर तिचेंच उदाहरण दिलें असतें. परंतु उत्तम गोष्ट बंगालींत आहे. सत्यजित राय यांनीं १९६२ सालीं 'संदेश' ह्या मुलांच्या मासिकांत 'बंकुबाबूर बंधु' ही कथा लिहिली. तिचा नायक मुलगा नसून खेड्यांतील एक गरीब शाळामास्तर आहे. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी रोज संध्याकाळीं त्याची थट्टा करितात, व तो ती निमूटपणें सोसतो. बांबूच्या बनांत उतरलेला परग्रहावरचा जीव त्यास कांहीं अस्त्र देत नाहीं, द्रव्य देत नाहीं. दूरचे देश दाखवितो, आणि इतका सोशिकपणा बरा नव्हे, अशा अर्थाचे चार शब्द बोलून निघून जातो. दुसऱ्या दिवशीं मास्तर त्या बैठकींत जाऊन सर्वांस खडसावतो. पुढें १९६७ मध्यें राय यांनीं ह्याच कल्पनेवरून चित्रपटाची संहिता लिहिली. तींत हाबा नांवाचा एक खेड्यांतील मुलगा व तळ्यांत उतरलेलें यान आहे. तो चित्रपट निघालाच नाहीं. अमेरिकेंतील 'ई. टी.' १९८२ सालीं आला आणि जगभर गाजला.

आमच्याकडील मुलांस अधिक परिचित आहे तो २००३ च्या 'कोई... मिल गया' ह्या हिंदी चित्रपटांतील जादू. जादू गोड आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु नायकास चेंडूचा सामनादेखील तोच जिंकून देतो, हें आम्हांस रुचलें नाहीं. असा सोबती मिळाल्यावर मुलाच्या अंगीं पुरुषार्थ उरला कोठें? ती दिव्यांतल्या राक्षसाचीच गोष्ट झाली. राक्षसास निळा रंग दिला एवढाच फरक.

आतां पाहुणा कोल्हापुरांत उतरला, असें समजूं या. मुलगा त्यास घेऊन भवानी मंडपापासून बिंदू चौकापर्यंत जाईल, गुऱ्हाळावर नेऊन ताजा गूळ चाखवील, तालमींत लाल माती दाखवील. हें सोपें आहे. परंतु कोठें तरी त्यास गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाची हकीकत सांगावी लागेल. कारण कोल्हापूरची ओळख तिच्यावांचून पुरी होत नाहीं. कांबळे हे राजवाड्याच्या पागेंत नोकर होते. सवर्णांच्या पाण्यास हात लावला म्हणून त्यांस मार बसला. राजर्षि शाहू महाराजांनीं त्यांस चहाचें दुकान घालण्यास साहाय्य केलें. आणि तेथें चहा पिण्यास कोणी धजेना, तेव्हां स्वतः महाराज गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा पिऊं लागले, व बरोबरच्या मंडळींसही तो प्यावा लागला. ही हकीकत आमचीं मुलें निबंधांत अभिमानानें लिहितात. पाहुण्यास मात्र ती कळणार नाहीं. तो विचारील, "चहा प्यालें, ह्यांत काय विशेष झालें?" आणि विशेष काय झालें हें सांगावयाचें म्हणजे त्याच्या आधीं काय चालत होतें तें सांगावें लागेल. नंतर तो दुसरा प्रश्न विचारील: "आतां तें सर्व संपलें ना?"

ह्या दुसऱ्या प्रश्नापाशीं मुलगा थांबेल. तो थांबावा, हाच आमचा हेतु आहे.

किंवा वसतिगृहें घ्या. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांकरितां १९०१ पासून महाराजांच्या आश्रयानें येथें वसतिगृहें उभीं राहिलीं. एकाच शाळेंत शिकणारीं मुलें निरनिराळ्या घरांत कां निजत होतीं, असें पाहुणा विचारील. सर्वांकरितां म्हणून काढलेल्या वसतिगृहांत प्रत्यक्षांत एकाच जातीचीं मुलें राहूं लागलीं, म्हणून महाराजांस हा दुसरा मार्ग धरावा लागला, हें उत्तर ज्यास देतां येईल त्यानें इतिहास वाचला आहे असें समजावें. पाठ्यपुस्तकांतील तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत हें येत नाहीं. तसेंच २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें, त्याच्या खुणा भिंतींवर पाहून पाहुणा एवढेंच विचारील कीं, ही जागा नदीची आहे हें तुम्हांस घरें बांधतांना ठाऊक नव्हतें काय. त्यास काय सांगावें, हें मोठ्या माणसांनींही एकदां ठरवून ठेवावें.

इंग्रजी पुस्तकांतील पाहुणा हे प्रश्न विचारणार नाहीं. तो ओहायोच्या किंवा लंडनच्या मुलास त्याच्या घराविषयीं विचारतो, आणि आमचा मुलगा तें दुरून ऐकतो. शंभर पुस्तकें अशीं वाचल्यावर त्याच्या मनांत नकळत असें ठसतें कीं, साहस हें इंग्रजींतच घडतें. मराठींत केवळ व्याकरण घडतें. ज्या भाषेंत कांहीं विलक्षण घडूं शकत नाहीं, ती भाषा मुलें आदरानें बाजूला ठेवितात. आम्हांस भीति आहे ती ह्या आदराची.

मराठींत असें लिहितां येत नाहीं, हा आक्षेप तर कोल्हापुरानें तरी काढूं नये. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म येथलाच, १९ जुलै १९३८ चा. त्यांचे वडील, गणिती विष्णु वासुदेव नारळीकर, तेही कोल्हापूरचेच. पुढें वाराणसी, केंब्रिज, मुंबई व पुणें हीं जयंतरावांचीं चार नगरें झालीं, आणि आत्मचरित्राच्या नांवांतल्या त्या चार नगरांत कोल्हापूर नाहीं, ह्याचें आम्हां कोल्हापूरकरांस थोडें वाईट वाटतें. अहमदाबादेस एका परिषदेंत एक कंटाळवाणें व्याख्यान चाललें असतां त्यांनीं समोरच्या कागदावर गोष्ट लिहावयास आरंभ केला. (विद्यार्थ्यांनीं ह्याचें अनुकरण वर्गांत करूं नये.) मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस ती 'कृष्णविवर' ह्या नांवानें गेली, लेखक म्हणून नांव घातलें होतें नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून. नांवाच्या वजनावांचून ती पहिली आली. दुसऱ्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गा भागवत यांनीं ह्या नव्या लेखनाचा गौरव केला. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले.

त्यांच्या पुस्तकांचीं नांवें पाहावीं: 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर'. परग्रह, यंत्रमानव, धूमकेतु हे विषय नवे. नांवें आजीच्या तोंडचीं. अनोळखी वस्तूस घरचें नांव देतां आलें कीं, ती अर्धी घरांत आलीच. शिवाय वामनाचें नांव यंत्रमानवास देण्यांत एक सावधगिरीही आहे: दाराशीं आलेला प्रत्येक लहानसा पाहुणा तीन पावलांवर संतुष्ट राहीलच असें नाहीं.

आणि हे गृहस्थ परग्रहवासीयांच्या केवळ गोष्टी लिहून थांबले नाहींत. हैदराबादेहून २००१ व २००५ सालीं मोठे फुगे आकाशांत सोडून सुमारें २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेण्यांत आले, त्या प्रयोगांत ते अग्रभागीं होते. दुसऱ्या फुग्याच्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांच्या तीन नव्या जाति आढळल्या. एकीस त्यांचे गुरु फ्रेड हॉईल यांचें नांव दिलें आहे. ते जीव वरून आले कीं खालून वर गेले, हें सिद्ध झालेलें नाहीं, आणि तसें स्पष्ट सांगण्यांतच शास्त्र आहे. मुलांनीं स्वाक्षरी मागितली तर ते म्हणत कीं, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखालीं स्वाक्षरी येईल. परग्रहावरचा सोबती जें काम करितो, तेंच काम हा पुण्याचा सोबती दोन बोटें लांबीच्या हस्ताक्षरानें करीत असे.

पाहुणा येईल तेव्हां येईल. आमचें आमंत्रण गेलेलें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अमेरिकेनें १९७७ सालीं सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तींत ५५ भाषांतून पृथ्वीचा नमस्कार आहे, आणि त्यांत मराठी आहे. हिंदुस्थानचें म्हणून जें एक गाणें तींत आहे, तें केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई गोव्याच्या केरी गांवच्या. आठव्या वर्षीं त्या कोल्हापुरास आल्या व येथें अब्दुल करीम खांसाहेबांजवळ कांहीं महिने शिकल्या. पुढें त्यांचे गुरु झाले अल्लादिया खांसाहेब, जे शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते. दुसरें यान सुटल्यानंतर अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज २०१२ सालीं सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडला. म्हणजे कोल्हापूरच्या गवयानें शिकविलेलें गाणें ताऱ्यांपर्यंत निघालें आहे, आणि कोल्हापूरच्या मुलास मात्र वाटतें कीं, परग्रहाची गोष्ट आपल्या गांवची नव्हे!

ह्या वार्षिकाच्या पुढील अंकाकरितां अशी एक कथा विद्यार्थ्यांनीं लिहून आणावी, अशी आमची इच्छा आहे. कांहीं अटी आहेत. जवळांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून दूर आहे, व व्हॉयेजरच्या वेगानें तें अंतर तोडण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षें लागतील. तेव्हां पाहुणा काल निघून आज पोहोंचला, असें लिहूं नये. तो कसा आला, ह्याचा थोडा तरी विचार दिसावा. त्यानें नायकाचें गणित सोडवूं नये, सामना जिंकून देऊं नये. त्याचीही कांहीं अडचण असावी, कीं जिच्यांत मुलाची मदत लागेल. त्यानें निदान एक असा प्रश्न विचारावा कीं, ज्याचें उत्तर लेखकास शिक्षकाकडे किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन शोधावें लागलें. भाषा मराठी, आणि शक्य तर कोल्हापुरी. पाहुण्यास पहिला शब्द कोणता शिकवावा, ह्याविषयीं मात्र थोडा विवेक असावा. यान पन्हाळ्यावर उतरवावें कीं रंकाळ्यांत, हें ज्याचें त्यानें ठरवावें. रंकाळ्यांत उतरविणारानें जलपर्णीचा विचार आधीं करावा.