आधी वाढणाऱ्याचा हात आवरायला हवा

संध्याकाळी सात वाजता ठाण्या-पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात हे दृश्य दिसतं. दीड-दोन वर्षांचं मूल घसरगुंडीकडे धावतंय आणि मागोमाग आजी मऊ वरणभाताची वाटी घेऊन. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, झाडाखालचं मांजर दाखवून झालं, शेवटी मोबाइलवर गाणं लागलं. मूल मान फिरवतं, ओठ घट्ट मिटून घेतं. गाण्यात रमून तोंड जरा उघडलं की चमचा आत जातो. वाटी रिकामी झाली की घरादाराला हायसं वाटतं. नाही झाली, तर तळाला राहिलेला गार भात आई ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवते, नाहीतर तो ओल्या कचऱ्यात जातो.

मूल उपाशी राहू नये आणि अन्न वाया जाऊ नये, या दोन्ही भावना चांगल्याच आहेत. पण त्या दोन्हींचा भार त्या एवढ्याशा तोंडावर टाकला जातो. किती शिजवायचं, किती वाढायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं असतं. ते जास्त झालं, तर त्याचा जाब मुलाच्या पोटाला विचारणं अन्यायाचं आहे.

ताटात काही टाकायचं नाही, ही शिकवण महाराष्ट्रात उगाच रुजलेली नाही. 1972 च्या दुष्काळात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी आजही आठवते. त्या पिढीला भाकरीचा तुकडा टाकलेला बघवत नाही. तो आदर जपण्यासारखाच आहे. मात्र त्या काळी पानात मोजकंच पडायचं, म्हणून ते संपायचं. आता पातेलं भरलेलं असतं, फ्रिज भरलेला असतो आणि नियम तेवढा जुना राहिला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो, की 2022 मध्ये जगभरातली दुकानं, उपाहारगृहं आणि घरं यांतून मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला साधारण 60 टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठीचा त्याच अहवालातला अंदाज माणशी वर्षाला 55 किलोंचा आहे. साली-देठंही त्यात धरलेली आहेत हे खरं, तरी चौघांच्या घरात रोजचे सहाशे ग्रॅम होतात. एवढं काही लहान मुलाच्या वाटीतून जात नाही. चार दिवस फ्रिजमध्ये राहून आंबलेली आमटी, स्वस्त मिळाली म्हणून घेतलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या मेथीच्या दोन जुड्या, पाहुणे येणार म्हणून टाकलेला जास्तीचा भात, ही सगळी मोठ्यांची खाती आहेत. तरीही ‘अन्न टाकू नये’ हे घरात सर्वाधिक वेळा ऐकावं लागतं ते तीन वर्षांच्या मुलाला.

‘आधी कसं छान खायचा, आता तोंडच लावत नाही’ ही तक्रार बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोजची आहे. तिचं उत्तर वाढीच्या वेगात आहे. जन्मावेळी तीन किलोंच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोंच्या घरात पोचतं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. त्यात एका वेळी भरपूर, दुसऱ्या वेळी दोनच घास, हेही या वयात नेहमीचं असतं. घरच्यांना हे ठाऊक नसतं आणि वाटीचं माप मात्र वाढत जातं.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी 1920 च्या दशकात एक धाडसी प्रयोग सुरू केला. नुकतीच वरच्या अन्नावर आलेली 15 मुलं त्यात होती. धान्य, मांस, अंडी, दूध, फळं, भाज्या अशा 34 साध्या पदार्थांतून मुलांपुढे निवडीचं ताट ठेवलं जाई. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसत. पण मुलानं हात पुढे केल्याशिवाय किंवा बोट दाखवल्याशिवाय भरवायचं नाही, आग्रह करायचा नाही, नाक मुरडायचं नाही. मुलांचं खाणं दर जेवणाला वेगळं, कधी अगदी विचित्र असे, तरी ती चांगली वाढली. 1939 मध्ये निष्कर्ष मांडताना डेव्हिस यांनी स्पष्ट केलं, की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. पुढे ठेवलेलं सगळंच सकस होतं. काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं. किती खायचं ते मुलांनी.

यावर एक रास्त हरकत येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 36 टक्के मुलं कमी वजनाची आहेत. अशा राज्यात ‘खायचं तेवढं खाऊ दे’ म्हणणं परवडेल का? कुपोषित मुलाला थोडंथोडं, पण जास्त वेळा आणि सकस द्यावं लागतं. अंडं, डाळ, शेंगदाण्याचं कूट, वरून तेला-तुपाचा चमचा हवा. वाटीतला पांढरा भात बळजबरीनं संपवल्यानं ही उणीव भरून निघत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना वरच्या अन्नाबद्दल सांगते तेव्हा तिचा भर मुलाची भूक ओळखून, धीरानं, त्याच्याशी बोलत भरवण्यावर असतो. मूल आजारी असेल, त्याचं वजन वाढत नसेल, तर डॉक्टर किंवा अंगणवाडी सेविकेकडे जायलाच हवं. वजनकाटा जे सांगेल ते रिकाम्या वाटीवरून कळत नाही.

लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टींवर. धावणाऱ्या, हसणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घास असणं धोक्याचं आहे. भारतात लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा पुढे असतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, द्राक्षं उभी चिरून द्यावीत, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. तरी लग्नाच्या हॉलमध्ये मुलं हातात द्रोण घेऊन खुर्च्यांमधून पळतात आणि आई-वडील रांगेत असतात. मोबाइलचंही तसंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये असं सांगितलं आहे. पडद्यात हरवलेल्या मुलाला आपलं पोट भरलंय हेही कळेनासं होतं. ताटाशेजारी मोठ्यांपैकी कुणीतरी बसणं, स्वतःही जेवणं, ही खरी देखरेख. ती करायला वडील आणि आजोबाही पुरेसे असतात.

आणि आईचं काय? मुलाचं उष्टं, नवऱ्यानं ठेवलेली भाजी, सकाळची पोळी हे सगळं तिनं संपवायचं, असा अलिखित करार कित्येक घरांत आहे. त्याला काटकसर म्हणण्याआधी तिला भूक होती का, हे विचारायला हवं. राहिलेल्या पोळ्यांचा कुस्करा किंवा उरलेला फोडणीचा भात सगळ्यांनी मिळून खाल्ला, तर ती काटकसर. एकटीच्या ताटात गेला, तर ते ओझं.

सक्तीचा सगळ्यात वाईट परिणाम शाळेत दिसतो. डबा संपवूनच घरी यायचं, अशी तंबी असलेली मुलं उरलेली पोळी-भाजी हळूच शाळेच्या कचरापेटीत टाकतात किंवा बाकाच्या कप्प्यात लपवतात. अन्न वाचावं म्हणून दिलेल्या धाकानंच अन्न कचऱ्यात जातं, शिवाय मूल खोटं बोलायला शिकतं. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून हा नियम उलटा करावा. उरलेलं डब्यातच ठेवायचं, घरी न्यायचं आणि त्यासाठी कुणी रागवायचं नाही. दोन पोळ्यांतली एक चार दिवस परत आली, तर पाचव्या दिवशी एकच द्यावी आणि जास्त लागली तर सांग, असं मुलाला म्हणावं. घरच्या ताटातही आधी दोन चमचे भात वाढावा आणि मुलानं मागितल्यावरच आणखी घालावा.