यतीम कोण, अनाथ कोण?



माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा सलग आठ दिवस शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तो गॅरेजवर कामाला लागलाय. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई घरी विड्या वळते. पण विड्यांवर तीन मुलांचं घर चालत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. मी म्हटलं, "भाभी, अनाथ मुलांसाठी सरकारची योजना आहे. अर्ज करू या." तिचे हात थांबले. म्हणाली, "मैं जिंदी हूं टीचर. मेरा बच्चा अनाथ कैसा?"

चूक माझी होती. मी शब्दच चुकीचा वापरला होता.

आपल्याकडे बाप वारला की नाबालिग मूल यतीम ठरतं, मग आई हयात असली तरी. सरकारी कागदात मात्र 'अनाथ' म्हणजे साधारणपणे आई-वडील दोघंही नसलेलं मूल. त्यामुळे अनेक घरांत 'अनाथ' हा शब्द ऐकूनच दार बंद होतं. काहींना तो अपमान वाटतो, काहींना वाटतं आपलं मूल त्यात बसतच नाही.

खरं तर महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना फक्त अनाथांसाठी नाही. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असेल, तलाकनंतर मूल एकाच पालकाकडे असेल, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले असतील किंवा तुरुंगात असतील, तरी १८ वर्षांखालील मुलासाठी अर्ज करता येतो. नानी, चाचा किंवा मोठी बहीण सांभाळत असेल तरीही. मूल बालगृहात न जाता घरातच वाढावं, हा योजनेचा हेतू आहे. पूर्वी महिन्याला ११०० रुपये मिळत. २०२३ मध्ये ही रक्कम २२५० झाली. याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० रुपयांची प्रायोजकत्व योजना आहे. तिला शहरात ९६ हजार आणि ग्रामीण भागात ७२ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. आपल्याला कोणती लागू पडते, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात विचारावं.

हे सगळं समजावल्यावरही त्या आईने मान हलवली. "खैरात नक्को टीचर. लोगां क्या बोलेंगे?"

इथे थांबून विचार करायला हवा. ही खैरात नाही. मुलांना निकोप वाढण्याची संधी मिळेल असं धोरण राज्याने ठेवावं, हे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये लिहिलेलं आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीत किमान एक महिला असावीच लागते, आणि समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दल तिथे निर्णय होतो.

आणि ही कल्पना आपल्याला परकी तरी कुठे आहे? हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. दूध सुटलेल्या मुलालाच वजीफा मिळतो, म्हणून एक आई बाळाचं दूध लवकर तोडत होती. बाळाचं रडणं ऐकून त्यांनी जन्मापासूनच वजीफा लागू केला. त्यांनी त्या आईला दान दिलं नाही, नियमच बदलला. जकात ही आपली जबाबदारी आहेच. पण आपण जकात देतो म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

आता अडचणीचं बोलू. अर्ज अडकतात ते बहुधा नावांमुळे. आधारवर 'मोहम्मद', रेशन कार्डावर 'महंमद', मृत्यू दाखल्यावर नुसतं 'मो.'. आधी ही नावं एकसारखी करून घ्या. मग मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि फोटो एका फाईलमध्ये ठेवा. अर्जाला फी नाही. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. घरी चौकशीला माणूस आला तर घाबरू नका, तो प्रक्रियेचाच भाग आहे. अर्जाची पोच मात्र घ्याच. मंजुरीनंतरही पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. थकले तर त्या पोचेच्या आधारावर लेखी विचारता येतं. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे, तो मोफत लागतो.

त्या आईच्या कागदांत नाव तीन तऱ्हेचं निघालं. ते दुरुस्त व्हायला दीड महिना गेला. मागच्या आठवड्यात फाईल जमा झाली. पैसे अजून आलेले नाहीत, पण मुलगा वर्गात परतला आहे. गॅरेजवर आता फक्त रविवारी जातो. तेही थांबायला हवं.

रमजानमध्ये आपण यतीम मुलांना कपडे देतो. जरूर द्यावेत. पण आपल्या मोहल्ल्यात अशी एखादी आई असेल, तर एक दिवस तिच्यासोबत कार्यालयाच्या रांगेतही उभे राहा. कपडे ईदपुरते असतात. या फाईलचा आधार मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत मिळू शकतो.