निकालाची तारीखही छापा

सत्र संपत आलं की मुरुडच्या झेरॉक्सच्या दुकानांत जुन्या प्रश्नपत्रिकांना गिऱ्हाईक वाढतं आणि ‘ही पोरं शेवटच्या पंधरवड्यातच अभ्यास करतात’ हा शेरा ठरलेला असतो. शेरा खोटा नाही, पण अर्धाच आहे. उन्हाळी परीक्षा आणि किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम हातात हात घालून येतात. पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी बदलायच्या, सुपारीच्या वाडीचं शिपणं उरकायचं आणि मग पेपरला पळायचं, हे वेळापत्रक काही मुलांनी आखलेलं नाही. म्हणूनच विद्यापीठाने तरी आपलं वेळापत्रक पाळायला हवं. मुरुडचा रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल शक्यतो ३० आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागला पाहिजे. तरी २०१७ साली संगणकावरची उत्तरपत्रिका तपासणी घाईने राबवली गेली, निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं. उत्तरपत्रिका लाखोंनी असतात, परीक्षक अपुरे पडतात, ही अडचण खरी आहे. पण किती मुलं बसणार, हे परीक्षेआधीच ठाऊक असतं. गुणपत्रिका लांबली की पुढचा प्रवेश अडतो, आणि चौकशीसाठी मुंबईला खेप मारायची तर अख्खा दिवस नि त्या दिवसाची कमाई दोन्ही बुडतात. मुलांना वेळ पाळायला लावणाऱ्या विद्यापीठाने परीक्षेच्या वेळापत्रकावरच निकालाची तारीखही छापावी आणि ती पाळावी.