धर्म सांगावयाचा कीं शोधावयाचा?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या नातीनें संस्कृत विषय घेऊन बी. ए. केलें असून पुढें 'धर्म' हाच विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करावा, असें तिच्या मनानें घेतलें आहे. घरांतील वडील मंडळींस हें रुचलेलें नाहीं. आजोबा म्हणतात, "धर्म आचरावयाचा, त्याची परीक्षा कसली देतेस?" वडील म्हणतात, "ह्यावर पोट कसें भरणार?" मुलीचा प्रश्न निराळाच आहे : कोणत्या विद्यापीठांत जावें? त्यास उत्तर देण्याचें काम भगिनींनीं आमच्यावर सोंपविलें आहे.

विद्यापीठाचें नांव घेण्यापूर्वीं एक भेद सांगणें अवश्य आहे. ज्यास आपण सरसकट 'धर्माचें शिक्षण' म्हणतों, त्या वस्तुतः दोन विद्या आहेत.

पहिली विद्या श्रद्धेच्या आंत उभें राहून करावयाची. पाश्चात्य तिला थिऑलॉजी म्हणतात. आपल्या संप्रदायाचीं तत्त्वें समजून घ्यावीं, तीं लोकांस सांगावीं, दुःखितांस धीर द्यावा, हा तिचा हेतु. बंगालमधील श्रीरामपूर येथें केरी, मार्शमन व वॉर्ड ह्या मिशनऱ्यांनीं १८१८ सालीं काढलेल्या कॉलेजास १८२७ मध्यें डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आजहि भारतांतील अनेक ख्रिस्ती संस्थांचे विद्यार्थी तेथील सेनेटच्या पदव्या घेतात. आपल्याकडील वेदपाठशाळा व शास्त्रपाठशाळा ह्याच जातीच्या होत.

दुसरी विद्या धर्माकडे मनुष्याच्या इतिहासाचें एक अंग म्हणून पाहते. अमुक ग्रंथ केव्हां रचला गेला, विधि कसकसे बदलले, एका धर्मानें दुसऱ्यापासून काय घेतलें, हे तिचे प्रश्न. मॅक्स मुल्लरनें १८७० सालीं लंडनमध्यें ह्या शास्त्रावर व्याख्यानें दिलीं, आणि पुढें त्याच्याच पुरस्कारानें पूर्वेकडील धर्मग्रंथांचीं भाषांतरें १८७९ ते १९१० ह्या काळांत ५० खंडांत निघालीं. येथें श्रद्धा असावी अशी अट नाहीं. ती टाकावी अशीहि नाहीं.

कांहीं ठिकाणीं दोन्ही विद्या एकाच छपराखालीं नांदतात. अमेरिकेंत हार्वर्डची डिव्हिनिटी स्कूल १८१६ सालची. तेथें तीन वर्षांची एम. डिव्ह. ही पदवी मुख्यतः धर्मसेवेसाठीं आहे, व दोन वर्षांची एम. टी. एस. ही अभ्यासासाठीं. दार एकच, पण वाटा दोन. म्हणून केवळ संस्थेचें नांव पाहून अर्ज करणारा विद्यार्थी फसतो. इंग्लंडांत लँकेस्टर येथें निनियन स्मार्ट ह्यांनीं १९६७ मध्यें उभारलेला विभाग दुसऱ्या विद्येचा. ऑक्सफर्ड येथें हिंदुधर्माच्या अभ्यासाचें केंद्र १९९७ पासून आहे. आपल्या देशांत पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठांत धर्माभ्यासाचा विभाग १९६७ पासून चालतो, आणि काशी हिंदु विद्यापीठानें २०२२ मध्यें हिंदु अध्ययनाची एम. ए. सुरू केली.

आतां आजोबांस आमची विनंति. जैमिनि व बादरायण ह्या दोघांनींहि आपल्या पहिल्याच सूत्रांत 'जिज्ञासा' हा शब्द योजिला आहे; तेव्हां विचारणें हें धर्मास परकें नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते, आणि त्यांनींच वैष्णव व शैव पंथांचा चिकित्सक इतिहास १९१३ सालीं प्रसिद्ध केला. तथापि ह्या अभ्यासानंतर मुलीची श्रद्धा जशीच्या तशी राहील, असें वचन आम्ही देत नाहीं. कांहीं समजुती गळून पडतील. जें उरेल तें तिचें स्वतःचें असेल.

वडिलांची काळजी खरी आहे. ह्या विषयाच्या अध्यापकाच्या जागा थोड्या, व उमेदवारीचा काळ लांब. अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांस बहुधा वेतन मिळतें. तत्पूर्वींच्या पदवीचा खर्च मात्र पुष्कळदां स्वतःवर पडतो. केवळ तेवढ्या पदवीसाठीं घर गहाण टाकूं नये. महामहोपाध्याय काणे ह्यांचा पांच खंडांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' १९३० पासून १९६२ पर्यंत निघत राहिला. त्यांचा व्यवसाय मात्र वकिलीचा होता. पोटाची विद्या व मनाची विद्या एकच असली पाहिजे, असें नाहीं.

मुलीस सांगावयाचें तें इतकेंच. संस्कृत हें तुझें भांडवल आहे. त्यांत पाली किंवा प्राकृताची भर घाल. परदेशीं डॉक्टरेट करावयाची तर जर्मन वा फ्रेंच वाचतां येणें बहुतेक ठिकाणीं लागतें. विद्यापीठ निवडण्याआधीं गुरु निवड : ज्याचे लेख वाचून तुला प्रश्न सुचतात, तो कोठें शिकवितो तें पाहा. पुण्यास भांडारकर संस्थेंत जपलेल्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तेथें बसून एकादी पोथी वाचण्याचा यत्न कर. पानें उलटतांना कंटाळा आला, तर तो घरखर्चाच्या मानानें स्वस्तांत आला असें समज.

शेवटीं भगिनींस. आजोबा व वडील ह्यांच्या देखत नातीस एकच प्रश्न विचारावा : "तुला धर्म सांगावयाचा आहे, कीं शोधावयाचा?" आणि तिचें बोलणें पुरें होईपर्यंत कोणीं मध्यें बोलूं नये. उत्तर काय आलें, तें आम्हांस अवश्य कळवावें.