आधी पाणी, मग शिखर

फेब्रुवारीचा उत्तरार्ध हा सह्याद्रीत चार-पाच दिवस पाठीवर ओझे घेऊन हिंडण्यास सर्वांत सोयीचा काळ, अशी समजूत नवशिक्या तरुणांत रूढ आहे. पाऊस नाही, चिखल नाही, जळवा नाहीत, शिवाय रात्री गारवा. ही समजूत अर्धीच खरी आहे. कार्तिकात खळाळणारे ओढे माघ सरताना बहुधा कोरडे पडलेले असतात, कमरेइतके वाढलेले गवत वाळून पिवळे झालेले असते आणि दुपारचे ऊन वैशाखाची आठवण करून देते. रात्री माथ्यावर दहा-बारा अंशांची थंडी आणि दुपारी तीस अंशांच्या पुढचा उकाडा, असे दोन ऋतू एकाच दिवसात सोसावे लागतात.

हा विषय घेण्याचे निमित्त म्हणजे माझ्या भाचीने तपासण्यासाठी दिलेला एक आराखडा. सहा मैत्रिणी, त्यांपैकी एकीने कर्नाळा चढलेला, बाकीच्यांचा अनुभव माथेरानपुरता. तीन दिवसांत कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड असा संकल्प होता. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी नोकरी गेली. अर्जदार किती उत्साही आहे यापेक्षा अडचण आलीच तर परतफेड कोठून होणार, हे आम्ही आधी पाहत असू. या आराखड्यात शिखरांच्या उंच्या होत्या, सूर्योदय कोठून पाहायचा हेही होते. मात्र पाणी कोठे भरायचे याविषयी एक ओळ नव्हती आणि मधूनच परतायचे झाल्यास वाट कोणती, याचाही उल्लेख नव्हता.

म्हणून आम्ही कागद उलटा केला आणि पाण्यापासून आरंभ केला. उन्हात चालताना तासाला अर्धा लिटर पाणी लागते असे धरावे. सहा तासांच्या चालीस तीन लिटर आणि एक लिटर राखीव, म्हणजे चार लिटर. वजन चार किलो. ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, हा डोंगरात हिंडणाऱ्यांचा जुना आडाखा आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीने दहा किलोंच्या पुढे जाऊ नये. चार किलो पाण्यात गेले. रिकामी पिशवी दीड किलो, झोपण्याची पिशवी दीड किलो, लोकरीच्या स्वेटरासह कपडे दीड किलो, कोरडा खाऊ एक किलो. उरला अर्धा किलो. त्यात विजेरी, औषधे आणि किरकोळ वस्तू बसतात, तंबू बसत नाही. स्वयंपाकाची भांडी तर मुळीच नाही. इतक्या साध्या बेरजेने तंबूत राहण्याचा हट्ट आपोआप मिटला, मला बोलावे लागले नाही.

तंबू गेला की मुक्काम गावातच करावा लागतो, आणि नवशिक्यांसाठी तेच इष्ट आहे. कसाऱ्याहून घोटीमार्गे भंडारदऱ्याजवळचे शेंडी गाव आणि तेथून जलाशयाच्या कडेने रतनवाडी हा पहिला दिवस. त्या दिवशी अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर निवांत पाहावे, दुसरे काही करू नये. दुसऱ्या दिवशी मोठ्या पिशव्या यजमानांच्या घरी ठेवून केवळ पाणी व खाऊ घेऊन रतनगड चढावा, शिड्या आणि माथ्यावरचे नेढे पाहून दुपारी रतनवाडीतच परतावे. तिसरा दिवस खरा कसोटीचा: कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. जंगल दाट, वाटा अनेक, पाण्याचा भरवसा नाही. येथे रतनवाडीतील वाटाड्या घेतलाच पाहिजे. कित्येक जण त्याच दिवशी पुढे पाचनई गाठतात. गाठोत. नवख्यांनी कुमशेतला थांबावे. चौथ्या दिवशी सकाळी पाचनई आणि दुपारचे ऊन उतरल्यावर हरिश्चंद्रगड. पाचव्या दिवशी तोलार खिंडीने खिरेश्वर. या क्रमाचा गुण असा की प्रत्येक रात्र वस्तीत किंवा वस्तीपासून दोन-तीन तासांच्या आत जाते. एखादीचा गुडघा धरला तर तिला दुसऱ्या सकाळी मिळेल त्या वाहनाने राजूरकडे पाठवता येते. उरलेल्यांना बेत मोडावा लागत नाही.

कळसूबाई मात्र गळली. “मामा, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर वगळून गेलो हे कोणाला सांगायचे?” हा भाचीचा प्रश्न. शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि ते तेथेच राहणार आहे. बारी गावातून एका दिवसात चढून उतरता येते, त्यासाठी वेगळा रविवार काढावा. पाच दिवसांच्या चालीच्या आरंभीच पायांतील बळ संपवू नये, एवढेच माझे म्हणणे. यावर आमचे पूर्ण एकमत झाले असे म्हणता येणार नाही.

वेळेचा हिशेबही असाच मागून पुढे मांडावा. फेब्रुवारीच्या अखेरीस या भागात सूर्य साडेसहानंतर थोड्याच वेळात मावळतो. आपल्यापैकी ज्यांचा चौविहाराचा नियम आहे, त्यांना सहापर्यंत जेवण उरकायचे असते. म्हणजे पाचच्या आत मुक्कामी पोहोचणे आले. नियम नसलेल्यांनीही हीच मर्यादा पाळावी, कारण अंधारात खिंड उतरताना वाट चुकण्याचा धोका मोठा. पहाटे सहाला निघाल्यास अकरापर्यंत बहुतेक चाल होते आणि भर दुपार सावलीत काढता येते. कांदा, लसूण व कंदमुळे नकोत हे यजमानांना आदल्या दिवशीच कळवावे. वरण, भात, भाकरी आणि कडधान्याची उसळ एवढ्यात त्यांनाही अडचण पडत नाही. रात्री पाणी उकळून, निवू देऊन, गाळून सकाळी बाटल्यांत भरावे. वाटेसाठी खाखरा, दशम्या, मेतकूट, गूळ, खजूर पुरेत.

आता ज्या गोष्टीची मला सर्वाधिक चिंता वाटते ती. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताला वणवा लागला आणि डोंगर उतरणारा एक मोठा गट त्यात सापडला. वीसहून अधिक माणसे दगावली. आपल्या सह्याद्रीतही फेब्रुवारी-मार्च हा वणव्यांचाच काळ. वणवा चढणीकडे फार वेगाने धावतो, म्हणून त्याच्यापुढे वर पळू नये. उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेली जमीन गाठावी. भर दुपारी उंच गवताच्या उतारावर असूच नये. दुरून धूर दिसला तर पुढे जाण्यापूर्वी वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा. शेकोटीचा मोह सर्वस्वी टाळावा. ठिणगीने गवत पेटते, आणि धुराने कड्यांवरची आग्यामोहळेही उठतात. सुगंधी द्रव्ये घरीच ठेवावीत, तीही मधमाश्यांना चिथावतात.

पूर्वतयारीस सहा आठवडे हवेत. पावणे येथील औद्योगिक वसाहतीतले रस्ते सपाट, त्यांवर चालून डोंगराचे पाय तयार होत नाहीत. पण घणसोलीजवळचा गवळीदेव डोंगर आपल्याला किती जवळ आहे! दर रविवारी पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून तो चढावा. पहिल्या आठवड्यात चार किलो, मग सहा, मग आठ. आठवड्यात दोनदा इमारतीचे जिने चढावे आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरावे, कारण गुडघे चढताना नव्हे, उतरताना बोलतात. बूट याच काळात रुळवून घ्यावेत. ज्येष्ठांनीही या रविवारच्या चालीत सामील होण्यास हरकत नाही. भाचीच्या दोन मैत्रिणींच्या माता आता नेमाने येतात आणि एकीचा वेग तिच्या कन्येहून अधिक आहे.

व्यवहाराच्या दोन-चार बाबी. हा सर्व परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. प्रवेशशुल्क आणि गडावरील मुक्कामाचे नियम निघण्यापूर्वी वनविभागाकडे विचारून घ्यावेत. मुभा नसल्यास चौथी रात्र पाचनईतच काढावी व गड पाचव्या दिवशी पहाटे चढावा. मोबाइलने पैसे देण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण दरीत नेटवर्क नसते. शंभर-दोनशेच्या नोटा जवळ असाव्यात, त्याही दोघींत विभागून. घरी एक कागद ठेवावा: कोणत्या रात्री कोणते गाव, वाटाड्याचा क्रमांक, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास ११२ वर कळवावे.

परतीच्या दिवशी खिरेश्वरहून खुबी फाट्यावर दुपारी दोनपर्यंत यावे. माळशेज घाटातून कल्याणकडे जाणाऱ्या एसटी गाड्या तेथे मिळतात. कल्याणहून ठाणे आणि तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाने तुर्भे. जागा मिळेलच असे नाही, म्हणून खाखऱ्याचे एक पुडके या प्रवासासाठी शिल्लक ठेवावे.